इनास काकांची जीप आणि आगाऊ फेडलेला नवस

आमच्या घरी गाडीची पूजा आधी झाली आणि ती विकत घ्यायची की नाही याचा विचार नंतर सुरू झाला.

क्रम जरा उलटा झाला, मान्य आहे. पण मी पडलो विचार करणारा माणूस. (विचारी नव्हे. विचारी माणसाचा विचार कधीतरी संपतो.) आम्ही फ्रिज घ्यायचं ठरवलं तेव्हा स्टेशनजवळच्या एका दुकानात मी इतक्या फेऱ्या मारल्या की गिऱ्हाइकं मलाच भाव विचारायला लागली, आणि मी ते सांगायलाही लागलो. हॉटेलात वेटर ऑर्डर घ्यायला माझ्याकडे सगळ्यांत शेवटी येतो, कारण माझ्या बायकोने, रेखाने, त्याला तसं आधीच बजावलेलं असतं. मी मेन्यू पुढून मागे वाचतो, मागून पुढे वाचतो आणि अखेर शेजारच्या टेबलावर जे असेल ते मागवतो.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर जीप घ्यायचं मनात आणावं, आणि तीही फोर-व्हील ड्राइव्ह, याचं रेखाला हसूच आलं. मला डोंगर चढायचे आहेत का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, नाही. मग कशाला? मी म्हणालो, चढायचे झालेच तर चढता येतील, एवढंच. यावर ती जी हसत स्वयंपाकघरात गेली, ती कुकरची शिटी होईपर्यंत हसत होती.

खरं कारण मी तिला सांगितलं नव्हतं. खरं कारण होतं तिची आई.

माझ्या सासूबाई उमेळ्याला राहतात. खाडीकडची जुनी शेतकरी मंडळी. पूर्वी घराभोवती वाडी होती, आता तीन बाजूंना बिल्डिंगा आहेत आणि चौथ्या बाजूला येणाऱ्या बिल्डिंगचा बोर्ड. सासूबाईंना दोन जावई. थोरले जावई लग्नानंतर लगेचच चारचाकी घेऊन दारात हजर झाले. मी स्कूटर घेऊन हजर झालो. त्यानंतर थोरल्यांनी एकामागून एक गाड्या बदलल्या आणि मी स्कूटरच्या सीटचं कव्हर बदललं. सासूबाई तोंडावर कधी काही बोलल्या नाहीत. फक्त आम्ही निघालो की त्या स्कूटरपाशी येत, रेखाचा पदर चाकात जाऊ नये म्हणून नीट खोचून देत आणि एक सुस्कारा टाकत. त्या सुस्काऱ्याचा मला इतक्या वर्षांत फार त्रास झाला. (माझं माहेर, म्हणजे माझे आईवडील, साताऱ्याकडचे. आमच्यात सुस्कारे टाकत नाहीत, सरळ बोलतात. ते परवडतं.) मरायच्या आधी, म्हणजे माझ्या, एकदा तरी सासूबाईंच्या दारात चार चाकांवर जाऊन उभं राहावं, एवढी एकच इच्छा होती.

ती चार चाकं मला नंदाखालला दिसली. मी सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, आणायला स्कूटरवरून गेलो होतो. वाटेत एका अंगणात, माडाखाली, ती उभी होती. रंग एकेकाळी हिरवा असावा. बोनेटवर नारळ पडून झालेले दोन पोचे. काचेवर कागद चिकटवलेला, ‘विकणे आहे’. मी स्कूटर थांबवून आत डोकावलो. मागे समोरासमोर दोन आडवी बाकं, आणि पुढे गिअरच्या शेजारी आणखी एक छोटा गिअर. तो दुसरा गिअर बघितला आणि माझा जीवच जडला. ज्या माणसाला एक गिअर धड पडत नाही त्याला दोन गिअरवाली गाडी का आवडावी, हे मला विचारू नका.

गाडीचे मालक इनास काका सत्तरीचे, धट्टेकट्टे. मुलं परदेशात आणि आपले गुडघे आता एवढं उंच चढू देत नाहीत, म्हणून गाडी काढतो आहे, असं त्यांनी सांगितलं. माणूस इतका सरळ की माझी पंचाईत झाली. मी विचारलं, गाडी किती चालली आहे? ते म्हणाले, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर.

“पण मीटर बंद पडूनच तीन वर्षं झाली,” ते म्हणाले. “त्याच्यापुढचे तुम्ही फुकट समजा.”

मग बाकीचंही त्यांनी आपणहून सांगितलं. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो. उजवीकडे वळताना वाजवायचा असेल तर बटण आहे. ड्रायव्हरच्या शेजारचं दार आतून उघडत नाही, बाहेरून मात्र झकास उघडतं. सकाळी थोडा धूर येतो, तेवढ्यापुरतं शेजाऱ्यांनी वाळत घातलेले कपडे आत घ्यायला सांगायचे. मी म्हणालो, विचार करून कळवतो. हे वाक्य मी आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा बोललो असेन.

आणि मी विचार सुरू केला. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर नाना राहतात. त्यांचं म्हणणं पडलं की दोन लाख किलोमीटर चालली म्हणजे गाडीत दम आहे, नसता तर एवढी चालली असती का? मला ते शंभर टक्के पटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतबाई म्हणाल्या, दोन लाख चालली म्हणजे बिचारीचं जे काही चालायचं होतं ते चालून झालं. मला तेही शंभर टक्के पटलं. ओळखीच्या एका मेकॅनिकला नंदाखालला घेऊन गेलो. त्याने बोनेट उघडलं, बराच वेळ इंजिनाचा आवाज ऐकला, बोनेट लावलं, हात पुसले आणि म्हणाला, “घ्या. फक्त लांब नेऊ नका.” त्या रात्री मला झोप लागली नाही. लांब म्हणजे किती, हे विचारायचं राहून गेलं होतं.

असे काही आठवडे गेले. मी दर रविवारी सुकेळी आणायला नंदाखालला जात राहिलो, गाडीभोवती फेरी मारत राहिलो, टायर दाबून बघत राहिलो. घरात सुकेळ्यांचा इतका साठा झाला की रेखा ती पाहुण्यांना पिशव्या भरभरून द्यायला लागली. शेवटी इनास काकाच कंटाळले. त्यांनी माझ्या हातात चावी ठेवली आणि म्हणाले, “एक रविवार घेऊन जा. चालवा, फिरा. संध्याकाळी आणून लावा आणि हो की नाही ते सांगा. विचार करायला परत येऊ नका, सुकेळी न्यायला कधीही या.”

तर तो रविवार. सकाळीच गाडी घेऊन आलो, रेखाला शेजारी बसवलं आणि दार बाहेरून लावलं. ती कुठे जायचंय म्हणाली, मी म्हणालो, असंच. असंच असंच करत गाडी उमेळ्याच्या दिशेने निघाली. आपण आत जायचं नाही, नुसतं गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरायचं, असं मी तिला सांगितलं. आईंना दिसली तर दिसली. रेखा ओठ दाबून माझ्याकडे बघत होती.

आता सासूबाईंची गल्ली आहे डाव्या हाताला. मी स्टिअरिंग वळवलं मात्र, हॉर्न सुरू झाला. गल्ली अरुंद, वळण मोठं, मी ते एका दमात घेऊ शकलो नाही. मागे घेतलं, पुन्हा वळवलं, पुन्हा हॉर्न. लग्नाच्या वऱ्हाडाची बससुद्धा एवढा हॉर्न वाजवत नाही. गल्लीतली सगळी घरं बाहेर आली. म्हातारे आले, सुना आल्या, एक कुत्रा झोपेतून उठून आला. आणि सगळ्यांच्या पुढे, पदराला हात पुसत, सासूबाई.

मी उतरलो. रेखाला आतून उतरता येत नव्हतं, म्हणून वळसा घालून तिच्या बाजूला गेलो आणि दार उघडलं. दार अडकतं, म्हणून एक हात दाराला आणि एक हात तिला, असं करून तिला उतरवलं.

“बघा गं,” शेजारच्या मालूताई म्हणाल्या, “बायकोला दार उघडून देतात. आमच्या ह्यांना कुनी दाखवा.”

सासूबाईंचे डोळे भरून आले. खरं सांगतो, त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की गाडी आपली नाही हे मी स्वतःच विसरलो. आठवलं तेव्हा मी घाईघाईने म्हणालो, “आई, गाडी अजून…” पण त्यांनी तोवर आतून साखर आणली होती आणि ती माझ्या तोंडात कोंबली होती. ती गिळून पुन्हा “गाडी अजून…” म्हणेपर्यंत कपाळाला कुंकू लागलं. माझ्या आणि बोनेटच्याही.

मी रेखाला बाजूला घेतलं.

“सांग ना त्यांना.”

“तुम्ही सांगा. गाडी तुमची आहे.”

“ती माझी नाही, हेच तर सांगायचंय!”

“मग सांगा की.”

सांगणार कधी? तोपर्यंत पूजा रंगात आली होती. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, ते नेमकं दोन पोच्यांच्या मधोमध बसलं. कुणी झेंडूचा हार आणला. मालूताईंनी विचारलं, लिंबं किती चाकांखाली ठेवायची? मी सवयीने म्हणालो, फोर-व्हील ड्राइव्ह आहे. झालं, चारही चाकांखाली लिंबं गेली. आरशाला इनास काकांच्या जपमाळेचा क्रूस लटकत होता. आता हा दिसला की उलगडा होईलच, असं मला वाटलं. सासूबाईंनी तो दोन बोटांत धरून बघितला, हारातून मोगऱ्याचा एक गजरा सोडवला, क्रूसाला नीट बांधला आणि म्हणाल्या, “तो बी देवच.” मग नारळ फुटला. मी गाडी पुढे घेतली, चारी लिंबं चिरडली आणि गल्लीत टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. दुसरं काय करणार?

आता इथे थांबलं असतं तरी सांभाळून घेता आलं असतं. पण सासूबाई आत गेल्या, नवी साडी नेसून बाहेर आल्या आणि त्यांच्यामागून नारळांची टोपली आली.

त्यांनी नवस बोलला होता. धाकट्या जावयाची चारचाकी दारात उभी राहिली की निर्मळच्या देवाला टोपलीभर नारळ. कधी बोलला होता ते त्यांनाही नक्की आठवत नव्हतं, पण तेव्हा नारळ बरेच स्वस्त होते एवढं आठवत होतं. आज रविवार, आज गाडी, आजच फेडायचा. देवाला ताटकळत ठेवायचं नाही.

जावई खोटा ठरला तर एक वेळ चालेल, त्याची मला सवय होती. पण दुसऱ्याच्या गाडीवर नवस फेडून सासूबाई देवापुढे खोट्या ठरणार, तेही माझ्यामुळे, हे काही मला सोसेना. आता सत्य सांगायचं तर संपूर्ण गल्लीसमोर सांगायचं. आणि नाही सांगायचं तर ती गाडी घ्यायची, मीटर बंद, धूर चालू, सगळ्यासकट. मी रेखाकडे बघितलं. ती मागच्या बाकावर बसून नारळांची टोपली मांडीशी घट्ट धरत होती. तिच्या बाजूला मालूताई आणि आणखी दोघी चढल्या होत्या. सासूबाई पुढे, मानाच्या जागी. मी दार बाहेरून लावलं.

वाटेत मालूताईंनी विचारलं की हा दुसरा छोटा गिअर कशाला असतो? मला कुणी काही विचारलं की राहवत नाही. मी तो ओढून दाखवला. खाली काहीतरी खाडकन बसलं. मग तो परत जाईना. पुढेही नाही, मागेही नाही. चारही चाकं एकदम जोर लावायला लागली आणि डांबरी रस्त्यावर वळण आलं की गाडी हिसके देत, कण्हत वळायची, आणि वळण डावीकडचं असलं तर वर हॉर्न. नारळ टोपलीतून उड्या मारत होते. गास गावाच्या पुढे बागांचा अरुंद रस्ता लागला. समोरून सायकलवर केळीचे घड घेऊन येणारा माणूस आमचा आवाज ऐकून आपणहून खाली उतरला आणि सायकलसकट कुंपणाला चिकटून उभा राहिला. सासूबाईंनी खिडकीतून त्याला हात केला. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. थोरल्या जावयाच्या गाडीत एसीमुळे काच लावलेली असते, लोकांना हात करता येत नाही, असं त्या म्हणाल्या.

देवळाकडे जायच्या रस्त्याला थोडासा चढ आहे. फार नाही, म्हातारी माणसं गप्पा मारत चढतात. त्या चढावर, चारही चाकं जोर लावत असताना, आमची फोर-व्हील ड्राइव्ह बंद पडली.

मी चावी फिरवली. आत कुणीतरी खोकल्यासारखा आवाज आला आणि तोही थांबला. मग बायका उतरल्या. मालूताईंनी पदर खोचला. रेखाने नारळ खाली ठेवले. फुलांची टोपली घेऊन चाललेल्या दोन बायकाही थांबल्या आणि सगळ्यांनी मिळून हार घातलेली, कुंकू लावलेली ती जीप ढकलत देवळापाशी नेली. मी आत बसून स्टिअरिंग धरलं होतं, कारण कुणीतरी धरायला हवं. रस्त्यावरचे लोक विचारत होते, “नवी घेतली का?” आणि मागून उत्तर जात होतं, “आजच!”

नारळ फुटले, नवस फिटला. सासूबाई देवळाच्या तळ्याकडच्या पायरीवर बसून फोनवर कुणाशी तरी बोलत होत्या. नातेवाइकांना बातमी देत असणार, म्हणजे आता सगळ्या तालुक्यात होणार. मी गाडीशेजारी उभा होतो आणि बघता बघता माझ्या आत एक चमत्कार झाला. माझा विचार संपला! ही गाडी घ्यायची नाही. अजिबात नाही. दोन लाख चाळीस हजार किलोमीटर, शिवाय वरचे फुकटचे, शिवाय धूर, दार, हॉर्न आणि अडकलेला गिअर. सासूबाईंचे पाय धरीन, गल्लीसमोर नाक घासेन, देवाला दुप्पट नारळ देईन, पण घेणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं ठरलं होतं आणि मला हलकं हलकं वाटत होतं.

तेवढ्यात इनास काका स्कूटरवरून आले. नंदाखाल तिथून काही लांब नाही. निर्मळच्या कुणीतरी त्यांना फोन केला असावा, असं मी धरून चाललो. त्यांनी हेल्मेट काढलं, हार बघितला, स्वस्तिक बघितलं, क्रूसाचा गजरा बघितला. मी पुढे होऊन म्हणणार होतो की काका, माफ करा, आमचं नाही जमत. पण तेच आधी बोलले.

“मी विचार केला,” ते म्हणाले. “गाडी द्यायची नाही.”

“म्हणजे?”

“नाही विकायची. राहू दे आमच्याकडेच.”

आता खरं म्हणजे मी त्यांच्या गळ्यात पडायला हवं होतं. सुटका झाली होती. सासूबाईंना सांगता आलं असतं की मालकाने शब्द फिरवला, माझा काय दोष? पण माझ्या तोंडून निघालं, “असं कसं नाही विकायची?”

“मीटर बंद आहे हो,” ते म्हणाले.

“मला मीटर नकोच आहे!”

“धूर येतो.”

“सकाळीच येतो ना? मी सकाळी उठतच नाही.”

“दार आतून उघडत नाही.”

“बायकोला मी बाहेरून उघडून देतो. उमेळ्यात विचारा कुणालाही.”

“गिअर अडकलाय म्हणे.”

“त्यामुळे तर चढाला बरं पडतं,” मी म्हणालो. ज्या चढावर गाडी बंद पडली तो माझ्या पाठीमागेच होता.

इनास काका मान हलवत राहिले. मी त्यांना सांगितलं की मी रोज पुसेन, सावलीत लावीन, माडाखाली लावणार नाही. अजून विचार करा, असं ते म्हणाले. माझा विचार करून झालाय, असं मी इतक्या जोरात म्हणालो की रेखा वळून बघायला लागली. हे वाक्य तिने लग्नापासून माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. अखेर काका कसेबसे तयार झाले. त्यांनी हात पुढे केला, मी तो दोन्ही हातांनी धरला, आणि त्यांनी खिशातून गाडीची दुसरी चावी काढून मला दिली. गाडी न विकायला आलेला माणूस घरून निघताना दुसरी चावी खिशात टाकून येतो, याचं मला नवल वाटायला हवं होतं. पण मी तेव्हा हवेत होतो. त्यांनी बोनेट उघडून कुठेतरी एक थाप मारली, गाडी सुरू झाली, छोट्या गिअरला खालून एक लाथ बसली आणि तोही सुटला.

परतीच्या वाटेवर मी गाणं गुणगुणत होतो. सगळा गोंधळ निस्तरला होता. गाडी माझी होती, नवस खरा होता, जावई खरा होता. सासूबाईंना खरं सांगायची आता गरजच नव्हती, पण मला राहवलं नाही.

“आई,” मी म्हणालो, “तुम्हाला सांगतो, गाडी सकाळी माझी नव्हती. आत्ता झाली. काका देतच नव्हते. पण बघितलंत ना, कसं वळवलं त्यांना?”

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

“मीच सांगतलं त्याला नाय म्हनायला,” त्या म्हणाल्या.

मी ब्रेक दाबला. मागे मालूताई बाकावरून सरकल्या.

“त्या पायरीवरून फोन केला. इनासची बायको आनि मी किती वरसं बाजारात शेजारी बसलो, माजी भाजी ह्याच गाडीतून जायची. मी ही गाडी वळखनार नाय? तुमी टायर दाबून जाता ते ती मला कवापासून सांगते. तुमचा इचार संपायची वाट बघितली असती तर माजा नवस माज्याबरोबर गेला असता.”

“पण मग पूजा… देवाला नारळ…”

“देवाला सांगतलं, आज घेतोच हाय, जरा दम धर.”

मला लाज वाटली, राग आला आणि हसूही आलं, सगळं एकदम. मी म्हणालो, अहो, पण नाही म्हणायला का सांगितलंत? मी खरंच नको म्हणून सोडून दिली असती तर?

“सोडताय कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “कुनी देतो म्हनलं की तुमी बसता इचार करत. नाय देत म्हनलं की धावत येता. आमाला काय नवीन हाय? रेखाच्या टायमाला पन तसंच केलं.”

आमचं लग्न ठरण्याची हकीकत अशी, की मी मुलगी बघून ‘विचार करून कळवतो’ म्हणालो होतो, आणि मी अगदी हो म्हणायच्या बेतात असताना मुलीकडूनच नकार आला होता. तो ऐकून मी त्याच संध्याकाळी स्कूटर काढून उमेळ्याला गेलो आणि सासऱ्यांपुढे तासभर बोलून त्या नकाराचा होकार करून आणला होता. मी आरशातून मागे बघितलं. रेखा केळीच्या बागा बघत होती, जन्मात कधी केळं पाहिलं नसल्यासारखी.

मुलीकडच्यांचा नकार मी कसा फिरवला, हे मी आजवर ऑफिसात, सोसायटीत, भाच्यापुतण्यांच्या लग्नांत, दिसेल त्याला सांगत आलो आहे. तरुण मुलांना तर मुद्दाम बोलावून सांगितलं आहे. आता त्या सगळ्यांच्या घरी एकदा जाऊन खरं काय ते सांगून यावं म्हणतो. गाडी आहेच. चालू झाली तर.